कुकडीकाठची राख आणि ‘कशावरून?’

पुणे–नाशिक महामार्गावर नारायणगाव मागे टाकून आळेफाट्याकडे निघालं की मधे पिंपळवंडी लागते. कुकडीच्या पाण्यावर उभा असलेला ऊस, टोमॅटोचे मांडव, द्राक्षबागा, असा हा सगळा बागायती मुलूख. नदीच्या अंगाने थोडं पूर्वेला सरकलं की बोरी बुद्रुक येतं. तिथे कुकडीने कापलेल्या काठात गाळाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. खाली गोटे आणि वाळू, वर तपकिरी-पिवळट माती, आणि त्यांच्या संगतीत एक पांढरट, करडा, हाताला पिठासारखा लागणारा थर. हा थर म्हणजे ज्वालामुखीची राख. ती इथली नाही. समुद्रापलीकडून, इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरून, तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर हवेतून कापून ती इथे उतरली. एवढी माहिती कोणत्याही मुलाचे डोळे मोठे करायला पुरेशी आहे, आणि विज्ञानातल्या नवलाच्या गोष्टी मुलांना सांगणारे बहुतेक लोक इथेच थांबतात. माझ्या मते गोष्टीला खरी सुरुवात इथून पुढे होते. कारण ही राख किती जुनी आहे, या साध्या प्रश्नावर तज्ज्ञांनी गेल्या साडेतीन दशकांत एकमेकांशी न जुळणारी उत्तरं दिली आहेत. शोध सांगायचा तर तो अशा भांडणासकट सांगावा, निकाल तेवढा काढून हातात देऊ नये, असं मला वाटतं. त्यामागची कारणं मी याच राखेच्या आधाराने मांडणार आहे.

मुलाच्या तोंडचा सगळ्यात चांगला प्रश्न ‘कशावरून?’ हा आहे. बोरीच्या राखेला तो पहिल्या पायरीपासून विचारता येतो. पांढरा थर दिसला म्हणजे ती राखच कशावरून? या भागातल्या नदीकाठांत चुनखडीचे पांढरे गोळे आणि पट्टे सर्रास सापडतात. त्यांची परीक्षा सोपी आहे. चुनखडीवर सौम्य आम्ल टाकलं की ती फसफसते. राख मुख्यतः काचेची असल्यामुळे तशीच स्वस्थ राहते. काच हा शब्द इथे उपमा म्हणून वापरलेला नाही. चिमूटभर राख पाण्यात धुऊन, वाळवून शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर नदीच्या वाळूचे गोलसर, घासलेले कण एकीकडे आणि हे कण दुसरीकडे असा फरक लगेच कळतो. राखेचे कण पारदर्शक असतात, त्यांच्या कडा धारदार असतात. काही सपाट टिकल्यांसारखे, काही वाकलेल्या खापरीसारखे, काही तीन फाटे फुटलेल्या काडीसारखे. हा आकार येतो कुठून? गुऱ्हाळात काहिलीवर रस उकळताना फेस येतो तो डोळ्यांसमोर आणा. तो फेस एका क्षणात गोठला आणि फुटून चूर झाला तर हाती काय लागेल? बुडबुड्यांच्या भिंतींचे तुकडे, आणि दोन-तीन बुडबुडे जिथे एकमेकांना चिकटले होते तिथले सांधे. ज्वालामुखीच्या तोंडाशी नेमकं हेच होतं. वर येणाऱ्या शिलारसातला वायू दाब सुटताच फसफसून बाहेर पडतो आणि गोठलेल्या फेसाच्या ठिकऱ्या आकाशात उडतात. नदी असे कण घडवू शकत नाही, वारा नाही, वणवा नाही.

ठीक आहे, राखच. पण सह्याद्रीसुद्धा ज्वालामुखीनेच घडवला आहे. मग ही इथलीच राख नाही कशावरून? ही शंका जुन्नरच्या मुलाला यायलाच हवी, कारण शिवनेरीपासून नाणेघाटापर्यंत त्याने पाहिलेला प्रत्येक कडा लाव्ह्याचा आहे. त्याचं उत्तर दोन वेगवेगळ्या बाजूंनी मिळतं. पहिली बाजू रसायनाची. आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, सिलिकाचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास असतं; असा शिलारस पातळ असतो आणि पसरत वाहतो. बोरीच्या राखेतल्या काचेत सिलिका पंचाहत्तर टक्क्यांच्याही वर आहे. असा रस चिकट असतो, तो वाहण्याऐवजी आत वायू कोंडून ठेवतो आणि स्फोट करतो. दुसरी बाजू जागेची. दख्खनचे लाव्हे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. राखेचा थर त्या खडकांच्या आत नाही, त्या खडकांना कापून वाहणाऱ्या नदीच्या गाळात आहे. खडक आधी, मग नदी, मग गाळ, आणि गाळात राख. हा क्रम समजायला प्रयोगशाळा लागत नाही. काठासमोर उभं राहून वर-खाली नीट पाहिलं की पुरतं.

आता राहिला उगम. काचेतल्या मूलद्रव्यांचं प्रमाण हा ज्वालामुखीचा जणू अंगठा असतो. बोरीच्या काचेचा हा अंगठा सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीशी जुळतो. आज तिथे सुमारे शंभर किलोमीटर लांब आणि तीस किलोमीटर रुंद सरोवर आहे. हे सरोवर म्हणजे आतला शिलारस बाहेर फेकल्यावर जमीन खचून पडलेला खड्डा. पण तोबाचा उद्रेक एकदाच झालेला नाही, आणि या प्रकरणाचा सगळा पेच तिथेच आहे. शेवटचा आणि सगळ्यात मोठा उद्रेक सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचा. त्याची राख मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यात आहे आणि आंध्र प्रदेशात कर्नूलजवळच्या ज्वालापुरममध्येही आहे. ज्वालापुरमला तर ती खणून काढून भांडी घासायच्या पावडरीसाठी विकली गेली. त्याआधीचा एक उद्रेक सुमारे ५ लाख वर्षांपूर्वीचा आणि त्याहून जुना एक आठ लाखांच्या आसपासचा. मग बोरीला आलेली राख यातल्या कोणत्या उद्रेकाची?

उत्तरांचा इतिहास असा. १९८९ साली रवी कोरीसेट्टर, शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये पुणे जिल्ह्यातल्या या राखेची नोंद प्रसिद्ध केली, आणि तिचं वय १४ लाख वर्षं असल्याचा अंदाज पुढे आला. खळबळ उडायचं कारण राखेपेक्षा तिच्या शेजाऱ्यांत होतं. याच गाळात दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या होत्या, पुराश्मयुगातल्या माणसाने दोन्ही बाजूंनी कपचे काढून घडवलेल्या. दगडी हत्याराला स्वतःचं वय सांगता येत नाही. ते शेजारच्या थरावरून काढावं लागतं. राख १४ लाखांची ठरली तर कुकडीकाठचा माणूसही तितकाच जुना. १९९५ साली डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुधारित मोजमाप मांडलं: ६ लाख ७० हजार वर्षं. त्याच वर्षी फिलिप शेन, जॉन वेस्टगेट आणि इतरांनी रासायनिक पुरावा देऊन सांगितलं की भारतातली ही राख तोबाच्या सर्वांत अलीकडच्या उद्रेकाची आहे, म्हणजे ७५ हजार वर्षांची. १९९८ साली वेस्टगेट यांच्या गटाने आणखी नमुने तपासून निःसंदिग्ध शब्दांत लिहिलं की द्वीपकल्पीय भारतातली आजवर माहीत असलेली तोबाची सगळीच राख या एकाच उद्रेकाची आहे, आणि म्हणून तिच्या आधारे हातकुऱ्हाडी जुन्या ठरवता येणार नाहीत. वाद मिटला असं वाटलं. २०१४ साली डॅरन मार्क आणि सहकाऱ्यांनी बोरी आणि मोरगाव इथल्या राखेचं नव्याने मापन केलं, आणि दोन्ही ठिकाणची राख सात-आठ लाख वर्षांच्या आसपासची निघाली.

१४ लाख, पावणेसात लाख, ७५ हजार, पुन्हा सात लाख. हे आकडे नुसते ऐकले तर अंदाधुंदी वाटते. प्रत्येक आकडा कसा आला हे पाहिलं की ती वाटत नाही. जुनी वयं सांगणारी पद्धत पोटॅशियम आणि आर्गॉनवर चालते. पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार अतिशय सावकाश बदलत जातो. त्याचा निम्मा साठा संपायला १२५ कोटी वर्षं लागतात, आणि बदललेल्या अणूंतला साधारण दहावा हिस्सा आर्गॉन वायू होतो. उद्रेकाच्या वेळी शिलारसातला आधीचा आर्गॉन उडून जातो, घड्याळ शून्यावर येतं. पुढे तयार होणारा आर्गॉन काचेत किंवा स्फटिकात अडकून साठत राहतो. तो मोजला की वय कळतं. आता आकडे बघा. असे एक कोटी पोटॅशियम अणू घेतले, तर ७५ हजार वर्षांत त्यांच्यापासून आर्गॉनचे जेमतेम ४४ अणू होतात. सात लाखांहून थोडी जास्त वर्षं गेली तर होतात सुमारे ४२५. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, ६ कोटी ६० लाख वर्षांत, तेवढ्याच पोटॅशियमपासून झालेले असतात सुमारे ३८ हजार. म्हणजे नमुन्यातल्या पोटॅशियमपैकी फक्त एक टक्का जरी नदीने मिसळलेल्या काळ्या दगडाच्या भुकटीतून आलेला असला, तरी त्या एका टक्क्याचेच ३८० च्या वर आर्गॉन अणू ४४ मध्ये मिळतील, आणि ७५ हजार वर्षांची कोवळी राख सात लाखांची म्हातारी दिसेल. नव्या बाजरीत मूठभर जुनी मिसळावी आणि सगळं पोतंच जुनं समजलं जावं, तसं. बोरीची राख नदीच्या गाळात आहे आणि त्या नदीचं सगळं पात्र बेसॉल्टमध्ये आहे. तेव्हा ही शंका घ्यायला भक्कम आधार आहे.

मात्र शंका काढली की तीही तपासून घ्यावी लागते, आणि मुलांना हे दाखवणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. बेसॉल्टमध्ये पोटॅशियम फार कमी असतं. तोबाच्या काचेतल्या प्रमाणाचा साधारण दहावा हिस्सा, कधी त्याहूनही कमी. म्हणजे नमुन्यातलं एक टक्का पोटॅशियम बेसॉल्टचं असायला वजनाने जवळपास दहा टक्के बेसॉल्ट मिसळलेला हवा. काच पारदर्शक आणि हलकी, बेसॉल्टचे कण काळे आणि जड. सूक्ष्मदर्शकाखाली वेचून काढलेल्या नमुन्यात दहातला एक काळा कण कोणाच्या नजरेतून सुटेल, हे पटायला कठीण. तेव्हा भेसळीचा आक्षेप पहिल्या वाचनात वाटला तितका दणकट राहत नाही. पूर्ण खोडलाही जात नाही, कारण स्फोटाच्या वेळी शिलारसाने वाटेतल्या जुन्या खडकांतून उचललेले, पोटॅशियमने समृद्ध असे स्फटिकही राखेत असू शकतात, आणि ते रंगावरून ओळखता येत नाहीत. दुसऱ्या बाजूच्या पुराव्यालाही असेच कच्चे दुवे आहेत. १९९८ च्या कामात काचेतले युरेनियमचे माग मोजून दोन नमुन्यांचं वय काढलं होतं. युरेनियमचा अणू फुटला की काचेत सूक्ष्म ओरखडा उमटतो. पण काचेतले असे ओरखडे काळाच्या ओघात पुसट होतात आणि वय आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतं. त्यासाठी दुरुस्ती केली जाते, आणि हिशेब त्या दुरुस्तीवर टेकलेला असतो. रासायनिक अंगठ्याचंही तसंच. तो ज्वालामुखी नेमका सांगतो. पण एकाच ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांतली काच सख्ख्या भावांसारखी इतकी सारखी असू शकते की कोणता भाऊ हे ठरवताना चूक होऊ शकते. मला स्वतःला आजच्या पुराव्यावरून इतकंच म्हणावंसं वाटतं की ‘सगळी राख एकाच उद्रेकाची’ यातला ‘सगळी’ हा शब्द घाईचा होता. बोरीची राख जुनी असण्याच्या बाजूने मापनं जास्त आहेत, पण ती रसायनशास्त्राला निरुत्तर करू शकलेली नाहीत.

या हकिगतीत एक नाव दोन्हीकडे आहे. राखेची नोंद प्रसिद्ध करणाऱ्या १९८९ च्या लेखात रवी कोरीसेट्टर आहेत. राख ७५ हजार वर्षांचीच आहे असं सांगणाऱ्या १९९५ आणि १९९८ च्या लेखांतही सहलेखक म्हणून रवी कोरीसेट्टर आहेत. आपल्या पहिल्या शोधाचा आकडा खोडणाऱ्या पुराव्याखाली त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. पुढे मायकेल पेट्राग्लिया यांच्यासोबत ज्वालापुरमच्या उत्खननात ते होते. तिथे राखेच्या खाली आणि वर दोन्हीकडे दगडी हत्यारं मिळाली आणि तोबाच्या उद्रेकाने इथली माणसं संपली का, या प्रश्नावर २००७ साली महत्त्वाचा पुरावा उभा राहिला. मुलांना वैज्ञानिकांची चरित्रं सांगताना आपण त्यांच्या विजयाचे प्रसंग निवडतो. त्याऐवजी एखाद्याने आपलंच म्हणणं मागे घेतल्याची ही गोष्ट सांगितली तर विज्ञान कसं चालतं हे मुलांना जास्त लवकर उमगेल.

यावर शाळेतून पहिला आक्षेप येईल तो परीक्षेचा. मुलांनी उत्तरपत्रिकेत लिहायचं काय? आक्षेप रास्त आहे; शिक्षकाला अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, आणि पाचवी-सहावीच्या मुलापुढे चार आकडे टाकले तर ते एकही लक्षात ठेवणार नाही. पण मी चार आकडे पाठ करायला सांगतच नाही. मुलाने एवढंच सांगावं की कोणत्या पुराव्यावरून कोणता आकडा निघतो. ‘आर्गॉनवरून सात लाखांच्या आसपास, रसायनावरून ७५ हजार’ हे वाक्य एका आकड्यापेक्षा फार अवघड नाही. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचंच बघा. जुन्नर-आंबेगावच्या शिवारांत तिच्या ३० अँटेना पसरल्या आहेत, प्रत्येक तबकडी ४५ मीटर व्यासाची. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे शाळांच्या सहली येतात, मुलं स्वतःचे प्रयोग मांडतात. ३० आणि ४५ हे आकडे परिसरातल्या कित्येक मुलांना पाठ आहेत. एकच मोठी तबकडी न बांधता ३० दूर-दूर का ठेवल्या, याचं उत्तर त्यांतल्या किती जणांपाशी असेल? ज्याच्यापाशी असेल त्याला आकडा पाठ करावा लागत नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. शास्त्रज्ञांचंच एकमत नाही हे मुलांना सांगितलं तर ती उद्या म्हणतील की विज्ञान म्हणजे ज्याचं-त्याचं मत, आज हे तर उद्या ते. आजच्या काळात, जिथे लस आणि हवामान यांच्याबद्दलही कोणीही काहीही पसरवतो, ही भीती मला खोटी वाटत नाही. पण बोरीच्या वादात काय हललं आणि काय हललं नाही, हे शेजारी-शेजारी ठेवून पाहावं. ती राख आहे यावर वाद नाही. ती दख्खनच्या ज्वालामुखींची नाही यावर नाही. ती तोबाची आहे यावरही दोन्ही बाजू एक आहेत. कोणीही तिला ६ कोटी वर्षांची म्हटलेलं नाही, कोणीही हजार वर्षांची म्हटलेलं नाही. भांडण उरलं आहे ते तोबाच्या कोणत्या उद्रेकाची एवढ्याच चौकटीत, आणि तेही मोजमापांनी लढलं जातंय. ज्याला ही चौकट दिसली तो मुलगा ‘एकमत नाही’ हे ऐकून ‘म्हणजे काहीच ठाऊक नाही’ असा अर्थ काढणार नाही. उलट, ज्याला फक्त निकाल सांगितले गेले, त्याचा विश्वास पहिला निकाल बदलला की उडतो. कारण त्याने विश्वास ठेवला होता तो सांगणाऱ्यावर, पुराव्यावर नाही. हातकुऱ्हाडींच्या वयाबाबतही पुराव्यानेच काम केलं. भारतातला हातकुऱ्हाडींचा माणूस किती जुना हे एके काळी बोरीच्या राखेवर बरंचसं अवलंबून होतं. २०११ साली तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमच्या हत्यारांचं वय वेगळ्याच पद्धतीने १५ लाख वर्षांच्या घरात निघालं, तेव्हा तो प्रश्न बोरीला बाजूला ठेवून पुढे गेला.

तिसरा आक्षेप गावातून येईल: आर्गॉन मोजायची यंत्रं परदेशात किंवा मोठ्या शहरांत, मग पिंपळवंडीच्या पोराने यात करायचं काय? करण्यासारखं पुष्कळ आहे. काठातल्या थरांचं चित्र काढणं, राखेच्या खाली काय आणि वर काय याची जाडीसकट नोंद ठेवणं, थर कुठे सलग आहे आणि कुठे वाळूत मिसळून विरळ झाला आहे हे पाहणं, दर पावसाळ्यानंतर त्याच जागेचा फोटो घेणं. थर सलग आणि शुद्ध असेल तर राख आकाशातून पडली तिथेच टिकली. वाळूच्या रेघा मिसळलेल्या असतील तर नदीने ती वरच्या अंगाकडून वाहून आणली. वर ज्या भेसळीचा हिशेब केला, तिची शक्यता किती हे याच निरीक्षणावर ठरतं, आणि असं निरीक्षण परदेशातून आठवडाभरासाठी आलेल्या संशोधकापेक्षा वर्षभर तिथे राहणाऱ्याला जास्त चांगलं जमेल. फक्त दोन पथ्यं पाळायची. काठाला लागून ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे, तेव्हा दिवसाउजेडी आणि मोठ्यांच्या सोबतीनेच जायचं. आणि थर उकरायचा नाही. सूक्ष्मदर्शकाला लागते चिमूटभर, तीही खाली आपोआप गळून पडलेल्या मातीतून मिळते. पिशवी भरून आणलेली राख वर्गातल्या कपाटात वर्षभर पडून राहते आणि नंतर फेकली जाते. काठातला तो भाग मात्र पुन्हा कधीच वाचता येत नाही.

या वादाचा निकाल कशाने लागू शकेल, हेही सांगता येतं. राखेच्या लगेच खालची आणि लगेच वरची माती शेवटची कधी उन्हात होती, हे तिच्यातल्या फेल्डस्पार या खनिजाच्या कणांवरून काढता येतं. उजेड बंद झाल्यापासून त्या कणांत किरणोत्साराची ऊर्जा साठत जाते आणि प्रयोगशाळेत ती प्रकाशाच्या रूपाने मोकळी करून मोजता येते. हे घड्याळ काही लाख वर्षांच्या पुढे भरून जातं, सात लाख नेमकेपणाने सांगू शकत नाही. पण इथे नेमकेपणा नकोच आहे. माती ७५ हजार वर्षांची असेल तर घड्याळ ते स्पष्ट दाखवेल. सात लाखांची असेल तर घड्याळ भरलेलं सापडेल. या परीक्षेसाठी नमुना अंधारात, लोखंडी नळी काठात ठोकून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी राखेच्या वर-खालचा गाळ जागेवर, न ढवळलेला असावा लागतो. कुकडीचा काठ दर पुरात थोडा ढासळतो आणि शेतजमीन सपाट करतानाही थोडा जातो. राखेच्या वरची माती आज जिथे शाबूत आहे ती जागा नकाशावर टिपून ठेवणं, हे यातलं सगळ्यात तातडीचं काम आहे.